कोरडी सुई

सुईशी आम्हा वऱ्हाडातल्या माणसांची ओळख फार जुनी. पायात काटा रुतला की सुई, गोधडी उसवली की दाभण, आणि सांधा ठणकू लागला की सुईला टोचून तापवलेला बिब्बा. त्याचे काळे तेल दुखऱ्या जागी टिपक्या-टिपक्यांनी लावायचे. दुखणे गेले तर बिब्ब्याचा गुण. कातडी भाजली तर बिब्बा उतला म्हणायचे आणि वर खोबरे चोळायचे! पण जिला धागा नाही आणि जिच्यात औषधही नाही, अशी नुसती सुई टोचून दुखणे उतरते, हे मी अमरावतीस प्रथम पाहिले.

रोगी माझी आईच होती. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात सीतादही झाली की ती कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर मान खाली, हात चालता, कमरेला ओटी, आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडे. दोन वर्षांपासून तिचे उजवे कानशील ठणकत होते. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी चष्मा दिला. चष्म्याने सुईत दोरा ओवता येऊ लागला, ठणका मात्र होता तिथेच.

शेवटी मी तिला बडनेऱ्यावरून इकडे आणले. फिजिओथेरपीच्या बाईंनी डोक्याला हातसुद्धा लावला नाही. मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू चिमटीत धरून त्या चाचपत गेल्या आणि एका जागी थांबल्या. आई ओरडलीच, "अव माय! तुमी खांदा दाबता अन् कय डोक्शात जाते!"

दुखते एका ठिकाणी आणि मूळ दुसरीकडे, हा प्रकार वैद्यकाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंतल्या अशा ताठर गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. गाठीत त्या भूल देणारे औषध टोचत. मग 1979 साली प्रागच्या कारेल लेविट यांनी 312 दुखऱ्या जागांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी कोरडीच सुई वापरली होती, तरी 87 टक्क्यांच्या आसपास जागी ठणका तत्काळ थांबला होता. म्हणजे गुण औषधाचा नव्हे, टोचण्याचा! (चिनी ॲक्युपंक्चर ही याची दूरची बहीण म्हणावी. 1938 साली सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच बंगालचे डॉ. बसू यांनी पुढे ती विद्या भारतात आणली. पण ती शरीरातल्या प्राणवाहिन्यांचा मार्ग धरते. ही फक्त स्नायूतली गाठ शोधते.)

केसासारखी बारीक सुई आत गेली आणि आईच्या खांद्यातला स्नायू जाळ्यातल्या मासोळीसारखा एकदम उसळला. ती उसळी दिसली की सुई नेमकी लागली असे समजतात. बाईंनी स्नायू चिमटीने वर उचलून धरला होता, कारण त्याच्या खाली फुप्फुस असते आणि सुई खोल गेली तर ते फुटू शकते. हे काम शिकलेल्या हाताचेच. गाठ सैल का होते, याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आराम पडतो तो बहुधा काही आठवड्यांचा, आणि व्यायामाची जोड नसेल तर दुखणे परत येते. मला हा उपाय पटला तो त्याच्या चमत्कारामुळे नव्हे. दोन वर्षांत कोणीतरी प्रथमच तिच्या अंगाला हात लावून दुखणे शोधले होते, म्हणून.

"दोन दिवस खांदा ठणकेल. थोडे दिवस डोक्यावर ओझे घेऊ नका," बाई म्हणाल्या.

"अन् कापूस कोन आनन बाई? तो काय सोताच्या पायानं येते?"

बाई हसल्या, पण त्यांच्यापाशी याचे उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. त्यांनी खांदे वर-खाली करण्याचा आणि मान कलती करण्याचा व्यायाम दाखवला.

आई आता धुऱ्यावर बसून तो करते. बाया हसतात, "बुढी कवायत करते" म्हणतात; त्यांतल्या दोघी तिच्याबरोबर मानही वळवतात म्हणे. ठणका बराच कमी आहे. गाठोडे मात्र डोक्यावरच येते, फक्त आता एकाऐवजी दोन खेपांत, आणि दुसऱ्या खेपेला घरी पोचायला दिवेलागण होते. बुधवारी आमच्याकडे बाजार, म्हणून वेचणी बंद असते. त्या बाईंचा दवाखाना बुधवारी उघडा असतो का, तेवढे विचारून ठेवायला तिने मला सांगितले आहे.