बर्फावरची फटफटी आणि घरातली परवानगी

बर्फावर मोटारसायकल चालते असे सांगितले की चिपळूणकडचे आमचे नातेवाईक आधी हसतात आणि मग काळजी करतात. दोन्ही साहजिक आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर फटफटी रुतते, तिथे कमरेएवढ्या बर्फात ती काय चालणार? आणि चालली तर चालवणारा सुखरूप परत येईल ना? आम्ही दोघे नवराबायको गेली बरीच वर्षे कॅनडातल्या कॅलगरी शहरात राहतो. रॉकी पर्वत इथून तासा-दीड तासावर सुरू होतो. आमच्या तेवीस वर्षांच्या थोरल्याने आपली डर्ट बाईक बर्फासाठी बदलून घेतली. गाडीत काय बदलले आणि त्याला होकार देताना आम्हाला काय काय ठरवावे लागले, ते इथे सांगतो. मुलांचे छंद निराळे असले तरी आईबापांची घालमेल सगळीकडे सारखीच असते.

डर्ट बाईक म्हणजे कच्च्या वाटांवर आणि चढउतारांवर चालवायची हलकी, उंच मोटारसायकल. थोरल्याने एका टायरच्या दुकानात काम करून जमवलेल्या पैशांतून ती जुनी घेतली होती. पण इथला हिवाळा ऑक्टोबरअखेरीस येतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. म्हणजे वर्षातले सहा महिने गाडी चादरीखाली. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "अब्बा, हिला बर्फावर चालवता येते. चाकं काढून पट्टा लावायचा."

चाक काढून पट्टा म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना समजावून सांगणे सोपे आहे. भाताच्या चिखलणीला पॉवर टिलरची रबरी चाके काढून लोखंडी जाळीची चाके लावतात, कारण चिखलात रबरी चाक नुसते फिरत राहते. बर्फाचेही तसेच आहे. तिथे वजन मोठ्या जागेवर पसरायला हवे आणि बर्फाला मागे ढकलणारे दात हवेत. म्हणून पुढचे चाक काढून त्या जागी एक रुंद स्की बसवतात. मागचे चाक, त्याला धरणारा स्विंगआर्म आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे सगळे उतरवून तिथे पोकलेनच्या पट्ट्यासारखा, पण रबरी आणि हलका, पट्टा येतो. त्याची पूर्ण लांबी साधारण १२० ते १३७ इंच असते आणि त्यावर दोन-अडीच इंच उंचीचे रबरी दात असतात. इंजिनाची चेन आता चाकाऐवजी मधल्या एका शाफ्टला फिरवते आणि तो शाफ्ट पट्ट्याला. हँडल, सीट, गिअर, इंजिन सगळे तेच राहते.

ही कल्पना काही आजची नाही. क्रायस्लर या मोटारी बनवणाऱ्या कंपनीने १९७९ च्या सुमारास पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली एक छोटी बर्फगाडी बाजारात आणली होती. ती फार काळ टिकली नाही. आज दिसतात तशा किटांचा प्रसार झाला तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट गावच्या टिंबरस्लेड या छोट्या कंपनीमुळे. २०१५ मध्ये पोलारिस या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. २०१७ मध्ये अ‍ॅस्पेन इथल्या एक्स गेम्समध्ये या गाड्यांची शर्यत पहिल्यांदा झाली आणि तरुण पोरांच्या मनात ती भरली.

पहिला प्रश्न पैशांचा आला. नवे किट घ्यायचे तर हजारो डॉलर लागतात. दुकानदार हप्ते बांधून द्यायला तयारच असतात, पण त्यात व्याज आलेच. आमच्या घरी व्याजावर गरजेची वस्तूही घेत नाहीत, मग हौसेची कुठून घेणार? थोरल्याने ते स्वतःहूनच बाजूला ठेवले. तो दोन हिवाळे थांबला, पैसे साठवले आणि एका माणसाकडून वापरलेले किट घेतले. ते दोन हिवाळे आम्हालाही उपयोगी पडले. एवढे थांबून ज्याची इच्छा टिकते, त्याचा तो नुसता चाळा नसतो, एवढे आम्हाला कळले.

किट बसवायला आम्ही तिघे लागलो. आमच्यापैकी एकाचे बालपण वडिलांच्या गॅरेजमध्ये पाने-स्पॅनर मोजण्यात गेलेले, त्यामुळे हात शिवशिवत होतेच. दुसरीने टॉर्च धरला आणि काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवला. वसंतात गाडी पुन्हा चाकांवर आणायची असते, तेव्हा याच चिठ्ठ्या कामाला येतात. स्विंगआर्मचा बोल्ट ज्या भोकातून जातो, त्याच भोकात किटची चौकट अडकते. किट आधी दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर होते, म्हणून आमच्या मॉडेलचे वेगळे बुश आणि जोडपट्ट्या मागवाव्या लागल्या. प्रत्येक गाडीची मापे निराळी असतात. वापरलेले किट घेणाऱ्याने हे आधी पाहावे, नाहीतर स्वस्तातला माल महागात पडतो. सगळे बसले तेव्हा गाडी पन्नासेक किलोने जड झाली होती. पुढचा ब्रेक अर्थातच बाद झाला, कारण स्कीला काय थांबवणार? गाडी थांबवण्याचे सारे काम आता पट्ट्याच्या ब्रेकवर.

पण किट बसवले म्हणजे गाडी तयार झाली, असे नाही. खरे काम इंजिनाला थंडीची सवय लावण्याचे असते. आपल्याकडे इंजिन तापू नये म्हणून धडपड, इथे ते गारठू नये म्हणून. डर्ट बाईकच्या कूलंटच्या नळीत बहुधा थर्मोस्टॅट नसतो, तो बसवला. रेडिएटरवर झाकण घातले. कूलंट आणि पाणी निम्मेनिम्मे ठेवले की ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. इंजिनात कडक थंडीतही पातळ राहणारे तेल घातले. गाडीला फ्यूएल इंजेक्शन असल्याने थंडी आणि उंचीप्रमाणे पेट्रोलचे प्रमाण ती आपले आप सांभाळते. कार्बुरेटर असता तर जेट बदलावे लागले असते. हवेच्या फिल्टरपुढे बारीक जाळी लावली, कारण बर्फात धूळ नसली तरी पिठासारखा भुसभुशीत बर्फ फिल्टर बंद करतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला नवीच होती. इंजिनातली वाफ बाहेर टाकणारी एक नळी खाली लोंबत असते. कडाक्याच्या थंडीत त्या वाफेचे पाणी नळीच्या तोंडाशी गोठते आणि बूच बसते. मग आतला दाब वाढून सील बाहेर पडते आणि डोंगरात भलत्या ठिकाणी तेल सांडून गाडी बंद. उपाय साधा आहे. नळीला वर, इंजिनाच्या उबेत, आणखी एक छोटे भोक पाडायचे. ड्रिल मशीन थोरल्याच्या हातात होते. भोक पाडून तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, पण माहीत नसतं तर चालत परत यावं लागलं असतं."

गाडी तयार झाली आणि मग घरात शांतता पसरली. कारण आम्हा दोघांच्या मनात जे होते, ते गाडीचे नव्हतेच. भीती हिमस्खलनाची होती. १३ मार्च २०१० रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या रिवेलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर बर्फगाड्यांचे शौकीन जमले होते. सुमारे २०० माणसे. वरून बर्फाचा कडा सुटला. दोघे दगावले, तीसएक जखमी झाले. थोरल्याला जायचे होते ते याच मुलखात.

सरळ नाही म्हणणे सोपे होते. पण तो कमावता आहे, स्वतःच्या पैशांनी सगळे करतो आहे. आज आम्ही नाही म्हटले असते, तर उद्या तो न सांगता गेला असता, आणि कुठे गेला हेही आम्हाला कळले नसते. म्हणून आम्ही दोघांनी एका रात्री बसून तीन अटी ठरवल्या. पहिली, हिमस्खलनाचे प्राथमिक शिक्षण घेतल्याशिवाय डोंगरात पाऊल नाही. दुसरी, सोबतच्या प्रत्येकाकडे बीकन, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडे हवे, आणि ती वापरायचा सरावही हवा. तिसरी, निघण्याआधी त्या दिवसाचा धोक्याचा अंदाज आम्हाला वाचून दाखवायचा आणि मगच निघायचे.

शिक्षण दोन दिवसांचे होते. एक दिवस वर्गात आणि एक प्रत्यक्ष बर्फात. त्याने घरी येऊन सांगितले ते आमच्या कायमचे लक्षात राहिले. मोठी हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे पोरांना चढायला सगळ्यात आवडतो त्याच उतारावर. बर्फ थराथराने पडतो. एखादा खालचा थर कच्चा राहिला की वरचा थर गाडीच्या वजनाने फरशीसारखा सुटतो. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच महत्त्वाची. मदतपथक खालून येईपर्यंत ती संपलेली असतात, म्हणून वाचवणारा सोबतीच असावा लागतो. रिवेलस्टोकच्या अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेकडून हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज निघतो. त्याच्या पाच पायऱ्या असतात. आमच्या धाकटीने त्या पाच पायऱ्या रंगीत अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवल्या. बीकनचा सराव आम्ही मागच्या अंगणात केला. ती बर्फात बीकन पुरायची आणि भाऊ घड्याळ लावून शोधायचा.

जानेवारीच्या शेवटी तो पहिल्यांदा निघाला. बरोबर तीन मित्र, सगळे शिकलेले. आम्ही दोघेही सोबत गेलो, वर जायला नव्हे, खाली गाडीतळावर थांबायला. कॅलगरीहून रिवेलस्टोक सुमारे ४०० किलोमीटर. वाटेत रॉजर्स पास लागतो. तिथे रस्त्यावर अवचित बर्फ कोसळू नये म्हणून रस्ता बंद ठेवून लष्कर तोफा डागते आणि वरचा बर्फ आधीच पाडून टाकते. ज्या डोंगरांवर सरकारला तोफा लावाव्या लागतात, तिथे आपला मुलगा दुचाकी घेऊन चालला आहे, हे मनात आल्यावाचून कसे राहील?

त्या सकाळी त्याने अंदाज वाचून दाखवला. खालच्या जंगलात धोका मध्यम, वरच्या उघड्या डोंगरावर तिसरी पायरी, म्हणजे बराच. ठरले की झाडीत आणि सपाट कुरणातच फिरायचे. दोन-तीन तास ते फिरले. मग मित्रांपैकी एकाला वरचा मोकळा उतार खुणावू लागला. कालच कोणीतरी तिथे चढल्याच्या खुणा होत्या. थोरला नको म्हणाला. वाद झाला, एक मित्र रुसला. शेवटी चौघेही खाली आले, दुपारी दोनच्या आत.

इथे हिवाळ्यात जुहर, असर आणि मगरिब चार तासांत उरकतात. थर्मासमधले कोमट पाणी होते. गाडीतळाच्या कडेला ताडपत्रीवर मुसल्ले अंथरून आम्ही तिघांनी जुहरची नमाज पढली. सजद्यात कपाळाला बर्फाचा गारवा लागत होता.

त्या दिवशी त्या उतारावरून काहीही कोसळले नाही. रुसलेल्या मित्राने ते बोलूनही दाखवले. परतताना थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अम्मी, काही झालंच नाही. मग मी उगाच घाबरलो का?"

तिने विचारले, "उंट बांधून ठेवला आणि तो पळाला नाही, तर दोरी वाया गेली असं म्हणतो का कोणी?"

तो हसला. उंटाची ती गोष्ट त्याने लहानपणी मदरशात ऐकलेली होती. आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव.

दादीला आम्ही फोनवर सगळे सांगितले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पोराने पोटभर खाल्ले होते का, आणि मित्र पुन्हा बोलू लागला का? दोन्हींचे उत्तर हो असे होते. तो मित्र पुढच्याच शनिवारी बीकनचा सराव करायला आमच्या अंगणात आला होता.

आईबापांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलाच्या हौसेला उत्तर देताना होकार किंवा नकार एवढ्यावर थांबू नये. हातात पाना घेऊन त्याच्या शेजारी बसावे, धोका काय आहे तो त्याच्याइतकाच आपणही शिकावा आणि अटी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. डोंगरावर आपण नसतो. तिथे त्याच्यासोबत जातात त्या ठरवलेल्या अटी, आणि त्या त्याला पटलेल्या असल्या तरच तो पाळतो. बाकी सलामती देणारा अल्लाह आहे. तो सगळ्यांच्या लेकरांना सुखरूप घरी आणो, आमीन.