पोटरीच्या मापाचे बूट

रोज घोड्यावर बसणाऱ्याचा बूट आधी कुठे झिजणार, हे दुकानात मांडून ठेवलेल्या जोडीकडे बघून कळत नाही. तो झिजतो आतल्या बाजूनं, पोटरीशी, जिथं रिकिबीचा पट्टा आणि घोड्याचा घाम सतत लागतो. घोट्याच्या मागे चेन रोज त्याच जागी दुमडते आणि एक दिवस तिचे दात सुटतात. सोल नि वरचं चामडं जिथं जोडलेलं असतं त्या कडेला पागेतली ओल, लीद, मूत लागत राहतं आणि दोरा आतल्या आत कुजतो. पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मी शिकवते. पहाटे पायात चढलेले बूट दुपारी जेवायच्या वेळी उतरतात. त्यामुळे टिकाऊ आणि खिशाला झेपणारा लांब चामडी बूट कुठे मिळेल, हा माझ्यासाठी पोटापाण्याशी जोडलेला प्रश्न होता.

शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, साधे स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत का? मी ठाम नाही म्हणते. त्यांना टाच नसते. घोडा बिचकला आणि तोल गेला, तर बिनटाचेचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार घोड्यामागे फरफटतो. इंचभर टाच आणि उथळ नक्षीचा सोल असला की पाय पुढे सरकत नाही, पण सुटायची वेळ आली तर अडकतही नाही. पावसाळ्यात काही जण गमबूट घालून येतात, तेही मी उतरवायला लावते. त्यांचा पुढचा भाग रुंद आणि सोलच्या खाचा खोल असतात, ते रिकिबीत अडकतात. रिकीब बुटापेक्षा एकूण इंचभर रुंद हवी, हे मी पहिल्याच तासाला मोजून दाखवते. लांब बूट हवा तो पोटरीसाठी. दुडकीत उठबस करताना रिकिबीचा पट्टा पोटरीची कातडी चिमटतो. नुसत्या ब्रीचेसवर, म्हणजे स्वारीच्या तंग विजारीवर, रोज दोन-तीन घोडे काढणाऱ्याच्या पायावर आठवड्यात वळ उठतात.

बाजारात परदेशी जोड्या आहेत. त्या सुंदर असतात, पण मला जी किंमत सांगितली गेली त्यात आमच्या एखाद्या घोड्याचा काही महिन्यांचा चारा-खुराक निघाला असता. दुसऱ्या टोकाला चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम बूट. त्यांच्याबद्दल मला मनापासून राग आहे, कारण नव्यानं शिकणारा माणूस तेच घेतो. वर पॉलियुरेथेनचा थर, खाली बहुतेक वेळा त्याच जातीचा सोल. दमट हवेत या पदार्थाची साखळी पाण्यानं तुटत जाते. बूट न वापरता कपाटात ठेवला तरी ते थांबत नाही. आमच्याकडे एका मुलीनं दिवाळीला घेतलेली जोडी पावसाळाभर बंद खोक्यात ठेवली होती. सप्टेंबरात ती घालून घोड्यावर बसली आणि दुडकीतच डाव्या बुटाचा सोल तुकडे होऊन गळून पडला. दुकानदारानं वापर नीट झाला नाही म्हणून हात वर केले.

बूट कसा पारखायचा ते मला दफेदारमामांनी शिकवलं. मूळचे साताऱ्याकडचे, जयपूरच्या 61 कॅव्हलरीत उमेदीची वर्षं घालवलेले. संस्थानांची घोडदळं एकत्र करून 1953 मध्ये उभारलेल्या या पलटणीत राजपूत आणि कायमखानींबरोबर मराठेही असतात. निवृत्तीनंतर मामा आमच्याकडे घोडी फिरवायला येत. एका नव्या जोडीकडे मी कौतुकानं बघत होते तेव्हा ते म्हणाले, "नवा हाय तवर समदाच बूट चांगला दिसतो, पोरी. दोन पावसाळे जाऊ देत, मग सांग. आन् सोल शिवलेला बघ. चिकटवलेला सोल रिकिबीत ऱ्हातो आन् पाय भायेर येतो."

सोल शिवलेला आहे की नाही, हे ओळखायलाही डोळा लागतो. हल्ली कडेवर नुसते टाके उठवलेले असतात, सोल मात्र गोंदावर. खालून सोलच्या खाचेत खरा दोरा दिसतो का, ते बघायचं. वेल्टच्या बुटात चामड्याची एक अरुंद पट्टी वरच्या भागाला आणि आतल्या तळाला शिवतात, मग त्या पट्टीला बाहेरचा सोल शिवतात. म्हणून सोल झिजला की फक्त बाहेरची शिवण उसवायची. वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. परवडण्याचं सगळं गणित मला या एका पट्टीत दिसतं.

चौकशी करत करत मी पुण्यातल्या कॅम्पमधल्या एका कारागिराकडे पोचले. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले, समोर रापी, आऱ्या, मेण लावलेला दोरा. त्यांच्या वडिलांनी लष्करी अधिकाऱ्यांचे आणि पोलो खेळणाऱ्यांचे बूट केले होते. या कारागीर काकांनी आधी माझे जुने बूट मागितले. आतून हात घालून चाचपले, उलटे करून टाच पाहिली. "ताई, उजव्या पायावर जास्त भार देता तुम्ही," म्हणाले. बरोबर होतं. माझा उजवा गुडघा जुन्या पडण्यामुळे धड नाही.

मापं घ्यायला त्यांनी मला संध्याकाळी बोलावलं. दिवसभरात पाय फुगतो, सकाळच्या मापाचा बूट दुपारी आवळतो. ब्रीचेस आणि रोजचे मोजे घालून यायचं. खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून बसायचं. मग जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची, पोटरीचा सगळ्यात मोठा घेर, गुडघ्याखालचा घेर, घोट्याचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर. पाऊल कागदावर उभं राहून आखायचं. दोन्ही पायांचं वेगवेगळं, कारण दोन पोटऱ्या सहसा सारख्या नसतात. मी तयार बुटांत का अडत होते, ते तेव्हा कागदावर दिसलं. माझं पाऊल लहान, पोटरी भरलेली, उंची बेताची. युरोपातल्या पायांवर बेतलेल्या मापांत पाऊल बसलं की पोटरी बसत नसे आणि पोटरी बसली की बूट गुडघ्यात रुतत असे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची हीच अडचण आहे. दुकानदार मात्र 'थोडं वजन कमी करा' म्हणून सांगतात. घोड्यावर बसून पोटरीचा स्नायू कमावलेल्या बाईला असं सांगणं मला संतापजनक वाटतं.

चामड्याबद्दल आमची बरीच चर्चा झाली. माझ्या डोक्यात कोल्हापुरी चामडं होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात तो अर्क भरून मुरवलेलं. त्याचे बूट पिढ्यान् पिढ्या टिकतील असं मला वाटे. काकांनी त्या चामड्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि दुमडायला सांगितला. तो वाकेना. "हे तळाला सोनं आहे," ते म्हणाले, "पण पोटरीवर गुंडाळायचं चामडं वेगळं." सालीत कमावलेलं चामडं घाम पितं, हळूहळू पायाचा आकार घेतं, म्हणून आतल्या तळाला ते उत्तम. नळीला, म्हणजे बुटाच्या पोटरीवरच्या भागाला, क्रोममध्ये कमावलेलं हवं. ते लवचीक राहतं, भिजून वाळलं तरी सालीतल्या चामड्याइतकं कडक होत नाही.

त्यांनी गाईच्या चामड्याचा एक पत्रा उलगडला. फुल ग्रेन, सुमारे दोन मिलिमीटर जाड. वरचा थर घासून रंगाचा लेप दिलेलं चामडं कसं ओळखायचं, तेही दाखवलं. अंगठ्यानं दाबलं की खऱ्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पसरतात, लेपावर तसं होत नाही. लेपाचं चामडं दुकानात जास्त गुळगुळीत दिसतं आणि घोट्याच्या घडीवर आधी तडकतं. पत्र्यातही कुठून कापायचं याला महत्त्व असतं. पाठीकडचं चामडं घट्ट, पोटाकडचं सैल. पोटाचा तुकडा नळीला लावला तर बूट महिन्याभरात ढगळ होतो. तयार बुटांत नेमकी इथं काटकसर झालेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.

2015 च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून काकांना इथं म्हशीचंच चामडं जास्त मिळतं. ते जाड, भरड. सोलला आणि पट्ट्यांना चांगलं, पण नळीसाठी तासून पातळ करावं लागतं. नळीचं चामडं ते तमिळनाडूतून नाहीतर कानपूरहून मागवतात. त्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागतात, म्हणून तेही माझ्याकडून निम्मी रक्कम आधी घेणार होते. मी आनंदानं दिली.

चेन लावायची का, यावर ते अडून बसले. बिनचेनेचा बूट सगळ्यात टिकतो, पण तो चढवायला आकडे आणि उतरवायला लाकडी बेचका लागतो, आणि माझ्या गुडघ्याला ती ओढाताण झेपणारी नव्हती. शेवटी मागे चेन ठरली. धातूच्या दातांची, खाली एक बटणपट्टी, आतून चामड्याचा पडदा. चेन अशा शिवणीनं बसवली की पुढं बदलताना नळी कापावी लागू नये. तळात पोलादी पट्टी घातली. तिच्याशिवाय रिकिबीत उभं राहताना सगळा भार पावलाच्या कमानीवर येतो. आतल्या बाजूला पोटरीपासून घोट्यापर्यंत चामड्याचा दुसरा थर, खालची कडा दुहेरी शिवणीची.

बूट हातात आले तेव्हा गुडघ्यामागे टोचत होते. तसेच टोचायला हवेत. घोट्याला घड्या पडल्या की नळी इंचभर खाली बसते. पहिल्या दिवशी आरामशीर उंचीचा असलेला बूट दोन महिन्यांत आखूड दिसू लागतो. मी टाचेखाली पातळ गादी घालून, रोज तासभर, फक्त चालीवर आणि दुडकीत ते वापरले. घरातही घालून वावरले. दोन आठवडे घोट्याला चिकटपट्टी होती. नंतर पाय असा स्थिरावला की घोड्याला दाबायचं ते पोटरीच्या नेमक्या जागेनं, हे मला नव्यानं जाणवलं.

किंमत पडली 14,500 रुपये. स्वस्त म्हणता येणार नाही, पण कृत्रिम जोडीला चार हजार पडतात आणि आमच्या कामात ती वर्षभर पुरत नाही. माझे हे बूट करोनाच्या आधीपासून रोज पायात आहेत. मधे एकदा सोल बदलला, एकदा चेन. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत भागलं.

टिकण्यातला अर्धा वाटा निगेचा आहे. घोड्याला खरारा झाल्यावर बूट पुसायचे, ओल्या फडक्यानं. घामातलं मीठ चामड्यात राहिलं तर ते कोरडं पडून चिरतं. आठवड्यातून एकदा ग्लिसरीनचा सॅडल सोप, महिन्यातून एकदा मेणाचं क्रीम, तेही अगदी थोडं. तेल चोपडण्याचा मोह टाळा. जादा तेलानं नळी लिबलिबीत होते आणि दोराही सैलावतो. चेनचे दात जुन्या टूथब्रशनं झाडून त्यावरून मेणबत्ती फिरवायची. पावसाळ्यात भिजलेले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावेत आणि कागद बदलत राहावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच नको. बुरशी आलीच तर व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून वाऱ्यावर ठेवा. पागा झाडताना मी बूट बदलते, आणि मोटरसायकलवर तर ते कधीच घालत नाही. गिअरचा दांडा डाव्या चवड्याचं चामडं खातो. पुण्यातल्या निम्म्या स्वारांच्या डाव्या बुटावर ती खूण आहे.

जे आठवड्यातून एखाद्या वेळीच येतात, किंवा ज्यांच्या मुलांचे पाय अजून वाढताहेत, त्यांनी लांब बुटांच्या मागे लागू नये. घोट्यापर्यंतचे चामडी जोधपुरी बूट आणि त्यावर पोटरीला बांधायचे चामड्याचे हाफ चॅप्स पुरेसे आहेत. कानपुरात ते चांगले बनतात. 1857 नंतर लष्कराच्या घोड्यांच्या साजासाठी तिथं सरकारी कारखाना उभा राहिला, आणि आज कानपूरच्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकन आहे. तिथला बराच माल परदेशी जातो. आपण मागितला तर आपल्यालाही मिळतो.

रोज स्वारी करणाऱ्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या गावात फर्म्यावर बूट बांधणारा कारागीर कोण उरला आहे, ते शोधा. कॅम्पमधल्या काकांकडे शिकायला आज कुणी नाही. वर्षाकाठी स्वारीच्या बुटांच्या मोजक्याच मागण्या येतात, तेवढ्यावर मुलगा दुकानात बसेल कसा, असं ते विचारतात. रायडिंग स्कूलांनी आपल्या शिक्षकांचे आणि सईसांचे बूट अशा कारागिरांकडून करून घेतले, तर त्यांना वर्षभर काम मिळेल. आम्ही या वर्षी आमच्या सईसांच्या घोट्यापर्यंतच्या बुटांची मागणी त्यांच्याकडे दिली आहे. तुम्हीही द्या. पावसाळा संपल्यावर जा, कारण ओल्या हवेत ते चामडं कापत नाहीत. संध्याकाळी जा, आणि ब्रीचेस घालून जा.