वासाचा अहवाल कोणाच्या नाकाने?

आमच्या वस्तीला लागून वाहणाऱ्या नाल्याच्या काठावर जॉगिंग ट्रॅक होणार आहे. त्याच्या पर्यावरण अहवालात वासाबद्दल चार ओळी आहेत. बांधकामाच्या काळात डांबर आणि डिझेलचा वास येईल, पण तो तात्पुरता असल्याने परिणाम नगण्य. पुढे शिफारस अशी, की फिरायला येणाऱ्यांना नाल्याच्या दुर्गंधीचा त्रास होऊ नये म्हणून काठाने सुगंधी झाडे लावावीत. झाडांना माझा विरोध नाही, चाफा मलाही आवडतो. प्रश्न असा, की वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची नाके या अहवालात कुठे आहेत?

त्याहून मोठी गोष्ट अहवालातून गायब आहे. ट्रॅकसाठी काठ खोदला जाईल, गाळ उपसला जाईल. सांडपाण्याच्या गाळात तळाशी प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच सडक्या अंड्याचा वास. गाळ ढवळला की साठलेला वायू एकदम बाहेर पडतो. उपसलेला गाळ कुठे टाकणार, किती दिवस, झाकून की उघडा? एक शब्द नाही. आणि आमच्याकडे गाळ वाळत घालायची जागा म्हणजे वस्तीच्या दारासमोरचीच, हे सांगायला समाजशास्त्राचे एम.ए. लागत नाही.

"तुम्हाला आता सवय झाली असेल," असे एका अधिकाऱ्याने आमच्या बायांना ऐकवले. नाक काही मिनिटांत वासाला सरावते हे खरे, पण त्याने हवेतला वायू कमी होत नाही. वास मोजताना तो किती वेळा येतो, किती तीव्र, किती वेळ टिकतो, किती किळसवाणा आणि कोणत्या जागी, हे पाहतात. फिरणारा तिथे अर्धा तास असतो. वस्तीतले बाळ चोवीस तास.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथून उत्तरेला थोड्याच अंतरावर, हार्लेमच्या नदीकाठी, १९८६ साली सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झाले. आधी ते दक्षिणेकडे ७२व्या रस्त्याजवळ व्हायचे होते, ते सरकवून काळ्यांच्या वस्तीत आणले. मोबदला म्हणून छतावर उद्यान, जे १९९३ मध्ये उघडले. पण लोक उद्यानावर भुलले नाहीत. 'वी ॲक्ट' संघटना उभी राहिली, ती कोर्टात गेली आणि तडजोडीत ११ लाख डॉलरचा निधी मिळवला.

महाडला १९२७ साली आपण पाणी प्यायलो म्हणून तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते 'शुद्ध' केले गेले. पिण्याच्या पाण्याला शेणाचा वास आला नाही, माणसांचा आला! या समाजात नाकालाही जात शिकवली जाते. म्हणून वासाच्या मोजणीत वस्तीची माणसे हवीतच, आणि बाहेरची, नाक न सरावलेलीही हवीत.

ट्रॅक नको, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या पोरांनाही पळायला जागा हवी. पण आधी वर सोडलेले सांडपाणी अडवा, गाळ झाकून शहराबाहेर न्या, आणि वासाची पाहणी पावसाळ्याआधी व नंतर, दोनदा करा.

हरकती द्यायला अकरा दिवस उरलेत. कॉलेजच्या दोन मुली रोज तीन वेळा वासाची नोंद वहीत करतात. पहिल्या आठवड्यातच दिसले, की मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे वास सर्वांत उग्र असतो. त्या दोन दिवशी वरच्या अंगाने नाल्यात कोण काय सोडते, ते शोधायला या शुक्रवारी पहाटे चार वाजता निघायचे आहे. येणाऱ्यांनी बॅटरी आणि गमबूट आणावेत.