इंटरॅक्टची वही

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून मी गावोगावच्या सोसायट्यांची दप्तरं तपासते. हे काम कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की बी.कॉम.चं नाव सांगून मोकळी होते. खरं तर मी ते नामपूरच्या एका मेडिकल दुकानात शिकले, खोकल्याच्या बाटल्या आणि ओआरएसच्या पुड्या ठेवलेल्या काउंटरच्या कडेला उभी राहून, नववीत असताना.

दुकान काकांचं. गाव त्यांना मेडिकलवाले काका म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. तालुक्याच्या ठिकाणच्या रोटरीचे ते सभासद होते आणि बैठकीला स्कूटरवरून सटाण्याला जात. १९९८ च्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब काढायचं मनावर घेतलं. इंटरॅक्ट म्हणजे रोटरीने पाठीशी उभं राहून हायस्कुलातल्या मुलांकडून चालवून घ्यायची सेवा संघटना. पहिला क्लब १९६२ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न गावच्या शाळेत निघाला, २३ मुलांचा. त्यानंतरचा आपल्या तंजावरला. काकांना हे सांगताना भारी अभिमान वाटायचा: “अमेरिकेनंतर लगेच आपला नंबर!” नामपूरचा नंबर कितवा, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

पदाधिकारी सरांनी नेमायचे नाहीत, मुलांनी निवडायचे, यावर काका अडून बसले. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. मी सचिव झाले, आणि खजिनदाराचं अक्षर कोणालाच लागत नसल्यामुळे जमाखर्चाची वहीही माझ्याकडे आली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती घेऊन दुकानात जायचं. गिऱ्हाईक गेलं की काका चष्मा कपाळावर सरकवून वही ओढून घेत. खडूचा डबा, चार कार्डशीट, चहा. “चहा किती कप? कोणी प्यायला? पावती कुठंय?” टपरीवाला पावती देत नाही म्हटलं, तर तू लिही आणि त्याची सही आण, हे उत्तर. देवमामलेदारांची गोष्ट तर त्यांच्या तोंडावरच असायची. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला आणि तपासणीला साहेब आले तेव्हा तिजोरी भरलेली निघाली, ही कथा आमच्या बागलाणात पोराटोरांनाही पाठ असते. काका शेवटी म्हणायचे, “त्यांचा हिशेब देवानं जुळवला. तुमचा तुम्हालाच जुळवायचाय.”

पण माझ्या दृष्टीने त्यांची खरी शिकवण इतिवृत्ताची. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मी छान वळणदार अक्षरात लिहून नेलं होतं. प्रत्येक ठरावाखाली “सर्वानुमते मंजूर”. काकांनी विचारलं, कोणीच नाही म्हटलं नाही? म्हटलं होतं. एस.टी. स्टँड झाडायचं ठरलं तेव्हा तिघांनी हात वर केला नव्हता. गावात झाडू घेऊन उभं राहायची त्यांना लाज वाटत होती. “मग ते लिही. तीन विरुद्ध. कारणासकट.” मी लिहिलं. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवल्यावर त्या तिघांपैकी एक जण उठून म्हणाला, पहाटे झाडणार असाल तर मी येतो. आज मी जी इतिवृत्तं तपासते, त्यांत शंभरातले नव्वद ठराव सर्वानुमते झालेले असतात, आणि नेमक्या त्याच संस्थांची भांडणं कोर्टात पोचलेली असतात. असो.

वर्षाला निदान दोन उपक्रम करायचे, त्यातला एक आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा, असा इंटरॅक्टचा नियम. मोसम नदीच्या काठी बसून जगाशी सामंजस्य कसं करायचं, यावर आमची दोन शनिवार वादावादी झाली. शेवटी जगाचा मोठा नकाशा रंगवून स्टँडवर लावला. पोलिओ कुठे उरलाय आणि कुठून गेलाय ते त्यात दाखवलं होतं. अमेरिका खंडातला शेवटचा रुग्ण १९९१ साली पेरूत सापडला होता. पेरू नावाचा देश असतो, यावर स्टँडवर बरीच करमणूक झाली. पण लोक थांबून वाचत होते.

पोलिओच का, तर रोटरीने १९८५ पासून जगभर तेच काम धरलं होतं आणि आपल्याकडे पल्स पोलिओची मोहीम १९९५ पासून सुरू होती. त्या वर्षीचे डोस डिसेंबरात आणि जानेवारीत होते, पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना. गावातल्या आया बूथवर येणारच होत्या. प्रश्न होता मळ्यांतल्या मेंढपाळांचा, वीटभट्ट्यांचा, ऊसतोडीच्या टोळ्यांचा. काकांनी सांगितलं, नर्सबाईंबरोबर तुम्ही जा.

घरी आबांनी एकाच वाक्यात विषय संपवला: “पोर एकली कथी जाई?” आईने भांडी आपटली, म्हणजे तिचा मला पाठिंबा होता. मग एका संध्याकाळी काका स्वतः आले. ओट्यावर बसले, कांद्याचं बोलले, पाण्याचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले, “आबा, मार्गशीर्षात देवमामलेदारांच्या यात्रेला पाठवता ना तिला? मग हेही त्यातलंच धरा.” आबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी शाळेसमोर एक काळी-पिवळी जीप उभी होती. लसीच्या डब्यात बर्फाचे चार पॅक, मांडीवर माझी वही. एका शेतात ठेलाऱ्यांच्या मेंढ्या बसवलेल्या होत्या. तिथली म्हातारी आम्हाला नातवाजवळ फिरकू देईना. नर्सबाईंनी समजावलं, उपयोग झाला नाही. मग म्हातारीने मला विचारलं, तू कोणाची? मी आबांचं नाव सांगितलं. गेल्या वर्षी त्यांच्या मेंढ्या आमच्याच रानात बसल्या होत्या. तिने पोराला स्वतः मांडीवर घेतलं आणि त्याचे गाल दाबून तोंड उघडलं. दोन थेंब.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ती बातमी वाचून मी काकांना भेटायला नामपूरला गेले. दुकान मुलगा बघत होता. काकांनी मला ओळखलं, पण मी त्यांना आमच्या क्लबची अध्यक्षच वाटत होते. मी दुरुस्ती केली नाही. शाळेतला क्लब मधल्या काळात दोनदा बंद पडून दोनदा सुरू झाला होता. मुलं दहावी होऊन निघून जातात, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात, ही त्यांची तक्रार.

बोलता बोलता मी म्हटलं, “काका, वहीत सगळं होतं, फक्त त्या जीपचं डिझेल नव्हतं. रोटरीनं परस्पर दिलं होतं का?”

“रोटरीनं कशाला? तुझ्या आबांनी दिलं. दोन्ही रविवारचं, ड्रायव्हरच्या जेवणासकट. वहीत लिहायचं नाही, या अटीवर.”

पावतीशिवाय चहा न सोडणाऱ्या माणसाने ही अट कशी मान्य केली, हे विचारल्यावर ते नुसते हसले.

घरी जाऊन आबांना विचारलं. ते खळ्यात कांद्याची प्रतवारी करत होते. त्यांनी मान वरही केली नाही. म्हणाले, “त्या साले कांदाले भाव व्हता ना.”