उसनी जागा

‘पुरेशी जागा उपलब्ध नाही.’ टॅबलेटच्या पडद्यावर ही ओळ उमटली की घरातलं कोणीतरी तरुण माणूस पुढे येतं, टॅबलेट हातात घेतं आणि उभ्याउभ्याच भराभर काहीबाही पुसून टाकतं. जागा होते, अपडेट उतरायला लागतं, टॅबलेट परत टेबलावर ठेवला जातो. घरातलं एक छोटं काम झालं असंच सगळ्यांना वाटतं. त्या उभ्याउभ्या पुसण्याबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांचा टॅबलेट असतो त्यांना काय गेलं हे बहुतेक वेळा कळतच नाही, आणि जेव्हा कळतं तेव्हा विचारायला उशीर झालेला असतो.

आमच्या आत्याचा टॅबलेट 32 जीबीचा. ती वाईला राहते. लॉकडाऊनच्या काळात ज्ञानेश्वरीचे वर्ग मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर दिसेनात, म्हणून तिच्या मुलाने तो आणून दिला. खोक्यावर 32 लिहिलेलं असलं तरी तेवढी जागा तिची नव्हतीच. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि यंत्र बऱ्याचदा 1024 च्या पटीत मोजतं, त्यामुळे 32 चे तिथेच तीसच्याही खाली येतात. मग त्यात टॅबलेटची स्वतःची प्रणाली आणि काढता न येणारी अ‍ॅप येऊन बसतात. उरलेल्या जागेत आत्याने आपला संसार मांडला.

अपडेटला इतकी मोकळी जागा कशाला लागते, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. अपडेट येतं ते दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपात. तो उतरवायला जागा लागते, उलगडायला त्याहून जास्त लागते आणि नवं नीट बसेपर्यंत जुनंही जपून ठेवावं लागतं, कारण मध्येच काही बिनसलं तर यंत्राला परत जुन्यावर येता आलं पाहिजे. 2016 साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीने तर प्रणालीसाठी दोन वेगळे कप्पेच केले. एकात जुनी चालू असते आणि तेवढ्यात दुसऱ्यात नवी लिहिली जाते. पुढे अकराव्या आवृत्तीपासून दुसरा कप्पा पूर्ण राखून न ठेवता वापरणाऱ्याच्या मोकळ्या जागेतून हवा तेवढा भाग घ्यायचा आणि काम संपलं की तो परत करायचा, अशी रीत आली.

म्हणजे टॅबलेट जागा मागतो ती उसनी. घराला रंग काढताना आपण कपाट ओसरीवर नेऊन ठेवतो आणि भिंती वाळल्या की परत आत आणतो. रंगाऱ्याला जागा हवी म्हणून कोणी कपाट भंगारात देत नाही. टॅबलेटच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. तासाभरापुरती लागणारी जागा करून देण्यासाठी कायमचं काहीतरी टाकून देतो. अपडेट संपलं की त्यातली बरीचशी जागा पुन्हा मोकळी दिसते. गेलेल्या गोष्टी मात्र परत येत नाहीत.

ही नुसत्या आमच्या घरची गोष्ट नाही. 17 सप्टेंबर 2014 रोजी अ‍ॅपलने आयओएस 8 आणलं तेव्हा ते वायफायवरून घ्यायला पाच जीबीच्या आसपास मोकळी जागा लागत होती. आणि तोवर 16 जीबीचे आयपॅड, आयफोन असंख्य घरांत होते. त्या दिवसांत जगभर लोकांनी फोटो पुसले, गाणी पुसली. खरं तर तेच अपडेट संगणकाला तार जोडून घेतलं असतं तर फारच कमी जागेत भागलं असतं, कारण उतरवण्या-उलगडण्याचं काम संगणकाच्या पोटात झालं असतं. पुढच्याच वर्षी, आयओएस 9 च्या वेळी, कंपनीने ही गरज 4.6 वरून 1.3 जीबीवर आणली. गरज कमी करता येत होती, हे त्यातून सिद्धच झालं. पण आदल्या वर्षी जे पुसलं गेलं, ते गेलंच.

आत्याच्या टॅबलेटवर ती ओळ आली तेव्हा मी वाईतच होते. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हटलं, आपण दोघी मिळून बघू. अख्खी दुपार त्यात गेली, आणि त्या दुपारी माझ्या आत्याचं जेवढं घर मला दिसलं तेवढं वर्षानुवर्षं येऊन-जाऊनही दिसलं नव्हतं.

औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो होते. गॅसच्या पावत्या, विजेची बिलं, बँकेच्या पासबुकाची पानं, तिरकी आणि अंधारी. एसटीच्या वेळापत्रकाचा एक फोटो होता, आणि त्यातली महाबळेश्वरची गाडी आता त्या वेळेला सुटत नाही हे तिला पाठ होतं. नातवाचे फोटो तर विचारू नका. एकाच जागी, त्याच सदऱ्यात, एकामागून एक.

“आत्या, हे सगळे एकसारखेच आहेत गं. एक ठेवू?”

“एकसारखे कुठे आहेत? ह्यात त्याचा दात दिसतोय बघ. ह्यात नाही दिसत.”

खरंच दिसत होता. नुकता उगवलेला, खालचा. मी तो ठेवला.

मग शुभ सकाळ. सूर्य, गुलाब, चहाचा कप, गणपती, वाफ, दवबिंदू. भारतातल्या मोबाइलमध्ये ह्या शुभेच्छांचा साठा एवढा मोठा होता की 2017 च्या अखेरीस गुगलने जागा मोकळी करून देणारं ‘फाइल्स गो’ नावाचं अ‍ॅप दिल्लीत जाहीर केलं, आणि पुढे तसली चित्रं ओळखून वेगळी काढायची सोय त्यात होती. मला वाटलं, इथे तरी काही विचारायला नको. तरीही विचारलं.

“सगळ्या पुस,” आत्या म्हणाली. आणि माझं बोट पडद्याला टेकायच्या आत, “थांब. ती समोरच्या वहिनींची राहू दे. शेवटची आहे ती त्यांची.”

ते एक साधं झेंडूचं चित्र होतं. कुठल्याही यंत्राने ते कचऱ्यातच टाकलं असतं, आणि यंत्राचं त्यात काही चुकलंही नसतं.

यादीच्या अगदी तळाशी एक आवाजाची फाइल होती. नाव म्हणजे नुसते आकडे. आत्यालाही ती काय आहे ते सांगता येईना. लावली तर आधी नुसतीच बायकांची गडबड, बांगड्या, जात्याची घरघर, आणि मग आत्याच्या थोरल्या जाऊबाईंचा खणखणीत आवाज. घरातल्या कुठल्याशा हळदीच्या वेळी त्या जातं पुजताना ओव्या म्हणत होत्या. आत्या खुर्चीत सरळ होऊन बसली. “हे माझ्याकडे होतं?” एवढंच म्हणाली. पाच मिनिटांच्या त्या फाइलचं वजन तीन एमबीसुद्धा नव्हतं.

जिवाभावाच्या गोष्टी बहुतेक वेळा फार थोडी जागा घेतात, हे मला तिथे आकड्यांत दिसलं. साधा एचडी व्हिडिओ मिनिटाला 60 ते 130 एमबी खातो. बोलण्या-गाण्याचं साधं ध्वनिमुद्रण तासाभराचं असलं तरी 30 एमबीच्या आसपास राहतं. म्हणजे लग्नातल्या नाचाच्या एका मिनिटात एखाद्या आजीचं दोन तासांचं बोलणं बसतं. मजकूर तर त्याहून हलका. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात, तरीही ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या पाच एमबीच्या आत मावतात. बऱ्यापैकी कॅमेऱ्याने काढलेला पुरणपोळीच्या ताटाचा एक फोटो जवळपास तेवढाच. अपडेटसाठी तीन जीबी करायचे असतील तर आवाजाला हात लावायची गरज कधीच पडत नाही, कारण तीन जीबीत शंभर तासांचा आवाज असतो. एवढा आवाज कोणाच्या टॅबलेटवर असतो? आवाज जातात ते ‘सगळे निवडा’ असं म्हणून बोट फिरवलं जातं तेव्हा.

पुसलेलं परत का मिळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. टॅबलेटमधली स्मृती फ्लॅश प्रकारची असते. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ती 1984 साली जगापुढे मांडली. एकेक अक्षर खोडत न बसता अख्खाच्या अख्खा ठोकळा विजेच्या एका झटक्यात कोरा करायचा, हे तिचं वैशिष्ट्य. आपण फाइल पुसतो तेव्हा आधी फक्त यादीतली नोंद जाते. पुढे यंत्र आपल्या सवडीने तो ठोकळा कोरा करतं, आणि हल्लीच्या टॅबलेटांत मजकूर कूटबद्धही असतो, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवरून माहिती उकरून काढणारे कारागीर इथे सहसा हात टेकतात. फोटोंना तरी महिना-दोन महिने कचरापेटीत मुक्काम मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या जुन्या गोष्टींना तेवढाही आधार नाही. त्या कंपनीच्या सर्व्हरवर कायम राहत नाहीत, आणि पाठवणारं माणूसच राहिलं नसेल तर पुन्हा मागायचं कोणाकडे?

म्हणून काढायला सुरुवात करावी ती परत मिळणाऱ्या गोष्टींपासून. उतरवून ठेवलेले सिनेमे, मालिका, यूट्यूबचे साठवलेले व्हिडिओ आधी काढावेत. मग न वापरलेले खेळ, ब्राउझरने साठवलेला गाळ. बँकेचं अ‍ॅप शक्यतो काढू नये. पुन्हा नोंदणी, सिमवरून एसएमएस, पासवर्ड हे सगळं त्या वयात फार दमवतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मोठ्या फाइली आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवायची सोय आहे, तिथे बराच भार हलका होतो. एवढ्यानेही भागलं नाही तर फोटो पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर न्यावेत, तिथे उघडून पाहावेत आणि मगच इथले पुसावेत. अपडेट टाळा असं मी म्हणत नाही. त्यात सुरक्षेची भोकं बुजवलेली असतात, आणि ज्या टॅबलेटवरून पैशांचे व्यवहार होतात तो तर अद्ययावत असायलाच हवा.

आत्याच्या टॅबलेटवर हे असंच केलं. संध्याकाळी अपडेट बसलं. जाऊबाईंच्या ओव्यांच्या तीन प्रती केल्या: एक तिच्या मुलाकडे, एक माझ्याकडे, एक पेन ड्राइव्हवर. फाइलला नाव दिलं, गाणारीचं आणि गावाचं.

हे नाव देणं मी एका फार मोठ्या कामातून उचललं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांसह, महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांमधून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला-वाचायला मिळतात. बहुतेक ओव्या लिहून घेतलेल्या आहेत, काहींचे आवाजही आहेत, आणि प्रत्येकीशी गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव जोडलेलं आहे. खेडोपाडी फिरून, बायांशेजारी बसून हे काम झालं तेव्हा आवाज टिपणारं यंत्र सहज कोणाच्या हातात नसायचं. आज ते घरोघरी आहे. आत्यासारख्या कितीतरी जणींनी कळत-नकळत असं काही टिपून ठेवलेलं आहे, आणि ते नुसत्या आकड्यांच्या नावाने यादीच्या तळाशी पडलेलं आहे.

तेव्हा तुमच्या घरातल्या आजीचा, काकांचा, मावशीचा टॅबलेट जागा मागू लागला तर तो आपल्या खोलीत घेऊन जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा. पुसायचं आहे ते एकेक दाखवून विचारा. आणि सगळ्यात आधी आवाजाच्या फाइली शोधा, ऐका, त्यांना नावं द्या आणि दुसरीकडे उतरवून घ्या.