आजीचा बटवा आणि विवेकाची कसोटी

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा येते. जन्मताच उकिरड्यावर टाकले गेलेले हे मूल पुढे तक्षशिलेस वैद्यक शिकले. औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आण, अशी परीक्षा गुरूंनी घेतली. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. इतिहास शिकविताना आम्ही ही कथा आवर्जून सांगतो. ज्ञानाला कूळ लागत नाही, हे तीमधून मुलांना उमगते.

अलोऱ्याच्या पूर्वेस उभी असलेली सह्याद्रीची रांग दक्षिणेस थेट केरळात जाते. तेथे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कल्लारच्या रानात काणी या आदिवासी जमातीच्या लक्ष्मीकुट्टी अम्मांनी वैद्यकी केली. त्यांची आई सुईण. झाडपाल्याची विद्या आईकडूनच आली. १९५० च्या दशकात त्यांच्या समाजातून शाळेत गेलेल्या तिघांपैकी त्या एक. रोज १० किलोमीटरची पायपीट करून त्या आठवीपर्यंत शिकल्या. सुमारे ५०० औषधे त्यांना मुखोद्गत. केरळ शासनाने १९९५ मध्ये आणि भारत सरकारने २०१८ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. आपल्याकडे अकोले तालुक्यातील महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे नातवाच्या आजारपणानंतर गावठी बियाण्यांकडे वळल्या; त्यांनाही २०२० ची पद्मश्री मिळाली.

आमची आजी गावची सुईण होती. मध्यरात्री मोठ्या घरांतून तिला बोलावणे येई. बाराव्या दिवशी मात्र नाळ कापणारे तेच हात उंबऱ्याबाहेर थांबत. तिला अडुळसा, निरगुडी, गुळवेल ओळखता येई. अक्षर ओळखता येत नसे. ती गेली आणि तिची विद्याही तिच्यासोबत गेली. ज्यांना लेखणी नाकारली गेली, त्यांचे ज्ञान असे पिढ्यान्‌पिढ्या मातीत मिळाले.

तरीही जुने ते सारेच खरे, असे आम्ही मानत नाही. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. ती कसोटी आजीच्या बटव्यालाही लागू आहे. साप चावल्यास रुग्णालय गाठावे, प्रतिविष घ्यावे. मंत्र-अंगाऱ्यात एक क्षणही दवडू नये. दंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. पण न तपासता झिडकारणे हादेखील विवेक नव्हे. तपासायचे, तर आधी ते नोंदलेले हवे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. आपल्या मुलामुलींनी या सुट्टीत एक वही करावी. वनस्पतीचे स्थानिक नाव, ती कोठे उगवते, कशासाठी वापरत, हे लिहावे. आणि प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्या आजीचे पूर्ण नाव लिहावे. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली. तिने पहिल्यांदा आपल्याच घरातील निरक्षर विदुषींची नावे लिहिली जावीत.