माणसे नसलेले बेट

दिवाळी अंकात प्रवासलेख लिहायचा म्हणजे लेखकाने कुठे तरी जाऊन आलेले असावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मीही जाऊन आलो. मात्र या प्रवासाला पासपोर्ट लागला नाही, वळकटी बांधावी लागली नाही, की स्टेशनावर हमालाशी हुज्जत घालावी लागली नाही. लागली ती एक शंभर पानी वही, टोक केलेली पेन्सिल आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या नऊ रात्री. बेटाचे नाव मिस्ट. नकाशात ते शोधू नका. ते संगणकाच्या पडद्यावर आहे.

"पडद्यावरचा खेळ, आणि त्याला म्हणे प्रवास!" हा शेरा आमच्याच घरातून आला. वाचकांपैकीही कोणी तो मारील. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

हे बेट वसवले अमेरिकेतल्या दोन भावांनी. थोरला रँड मिलर, धाकटा रॉबिन. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराच्या परिसरात चार जाणती मंडळी जमवून त्यांनी हा उद्योग केला, आणि १९९३ च्या सप्टेंबरात 'मिस्ट' बाजारात आले. त्या काळच्या संगणकाचा जीव तो केवढा! सबंध चालतीबोलती सृष्टी त्याला पेलणारी नव्हती. म्हणून या बंधूंनी सुमारे २,५०० स्थिर चित्रे तयार केली आणि अशी गुंफली की, एका चित्रावर टिचकी मारावी आणि आपण दोन पावले पुढे सरकावे. पार्श्वसंगीत धाकट्याने दिले. या खेळात गोळीबार नाही, शत्रू नाही, घड्याळाचा धाक नाही. असला खेळ घेणार कोण, असे कुणालाही वाटावे. पण ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि २००२ पर्यंत घरगुती संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ म्हणून त्याचे नाव राहिले. पुढे २०२१ मध्ये मोकळेपणी हिंडता येईल अशी नवी आवृत्तीही निघाली. आम्ही मात्र जुन्या चित्रांच्या वाटेनेच गेलो.

'मिस्ट' हे नाव आले ज्यूल व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीवरून. भा. रा. भागवतांच्या मराठीतून व्हर्नशी ओळख झालेल्या माझ्यासारख्याला एवढे आमंत्रण पुरेसे होते.

उतरतो तो लाकडी धक्क्यावर. शेजारी एक जहाज पाण्यात बुडालेले. टेकडीच्या माथ्यावर घराएवढी दातेरी चाके स्तब्ध उभी. पायऱ्या चढून जावे तो वाटेत तारांगणाची इमारत, पुढे खांबांचे ग्रंथालय, त्यापलीकडे एक अग्निबाण. झाडीत लाकडी खोपटे आणि किनाऱ्यापासून जरा दूर, पाण्यातच उभा असलेला घड्याळाचा मनोरा. लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज येतो. माणूस मात्र एकही नाही. कोकणातल्या एखाद्या बंद घराच्या ओसरीवर दुपारी उभे राहिले असता, आत्ता कुणी तरी "कोण आहे?" म्हणून विचारील असे वाटत राहते, तसे इथे प्रत्येक दाराशी वाटते. कुणी विचारीत नाही.

गवतात एक चिठ्ठी पडलेली असते. ॲट्रस नावाच्या गृहस्थाने आपल्या पत्नीला, कॅथरिनला लिहिलेली. तिथून धागा हाती लागतो. हा ॲट्रस मोठा विलक्षण लेखक. तो ग्रंथ लिहितो आणि त्या ग्रंथातल्या चित्रावर तळहात टेकला की वाचणारा त्या जगात जाऊन उभा राहतो. वीस वर्षे मुलांना साहित्य शिकवताना मी जे रूपक म्हणून सांगत आलो, ते इथे अक्षरशः घडते! पण ग्रंथालयात पाऊल टाकले आणि पोटात कालवले. फळीवरचे बहुतेक ग्रंथ जळालेले. वाळवी लागलेली पुस्तके आमच्या पेशात नित्य पाहावी लागतात. जाळलेली पाहवत नाहीत.

उरलेल्या वाटांनी चार जगांत जाता येते. एका जगात खडकातच जहाज रुतलेले आहे. दुसऱ्यात यंत्रांचा किल्ला स्वतःभोवती फिरतो. तिसऱ्यात पाण्यावर उभ्या झाडांत घरे बांधलेली. चौथ्याची वाट अग्निबाणातून जाते आणि तिथे डोळ्यांपेक्षा कानांचे काम अधिक. अग्निबाणात पेटीसारख्या पट्ट्या आहेत. त्यांवरचे पाच स्वर दुसरीकडे दांड्या सरकवून अचूक जुळवावे लागतात. मी आणि कन्या तासभर झगडलो. अखेर मटार सोलता सोलता सौभाग्यवती उद्गारल्या, "तिसरा चढा लागतोय." लहानपणी शिकलेली पेटी कामी आली. त्यानंतर प्रवासाबद्दलचा शेरा पुन्हा ऐकू आला नाही.

खरा पेच मात्र यंत्रांचा नाही, माणसांचा आहे. ग्रंथालयात एक लाल आणि एक निळे पुस्तक आहे. लाल पुस्तकात सिरस कोंडलेला, निळ्यात आकेनार. दोघेही ॲट्रसचे मुलगे. हरवलेली पाने आणून दिली की चेहरा स्पष्ट होतो, बोलणे कळू लागते. प्रत्येक जण म्हणतो, अपराधी माझा भाऊ, मला सोडव. गंमत अशी की, दोन्ही भाऊ रंगवले आहेत मिलर बंधूंनीच, आणि बापाची भूमिकाही रँडचीच.

बहुतेक जगांत या दोघांच्या खोल्या आहेत. एकाची उंची सामानाने भरलेली, दुसऱ्याची पाहून अंगावर काटा येतो. आमच्या घरात दोन तट पडले. मला सभ्य बोलणारा सिरस त्यातल्या त्यात बरा वाटे. कन्या म्हणाली, "बाबा, हे दोघे एकमेकांचे काहीही कबूल करीत नाहीत. पण एक गोष्ट दोघेही सांगतात, की हिरव्या पुस्तकाला हात लावू नका. मग तेच उघडायला हवे." वकिलाच्या घरी जन्मायची ती आमच्याकडे आली, असे मला वाटले.

हिरव्या पुस्तकात काय आहे ते सांगून पुढच्या प्रवाशांची मजा घालवणार नाही. पण ॲट्रसच्या रोजनिशा वाचताना एक गोष्ट मनाला लागली. झाडे, यंत्रे, तिथले लोक यांबद्दल तो किती तन्मयतेने लिहितो! मुलांचा उल्लेख येतो तो ओझरता. बापाने मुलांना सबंध जगे दिली. त्या जगांत ती काय करतात, हे पाहायला त्याला सवड झाली नाही.

कन्या जूनमध्ये शिकायला परगावी जायची होती. सातव्या रात्री वहीत भुयाराचा नकाशा काढता काढता ती एकदम म्हणाली, "बाबा, तिथेही असेच असेल का? सगळी दारे बंद, आणि विचारायला कोणी नाही?" महिनाभर ती हसतखेळत खरेदी करीत होती, ही धास्ती पोटात आहे याचा आम्हाला पत्ता नव्हता. मी म्हटले, "पहिल्या रात्री आपल्याला इथले एक दार तरी उघडत होते का? आता कुठले कशाने उघडते, ते तुझ्या वहीत आहे." ती काही बोलली नाही. पण रात्री उशिरापर्यंत आम्ही तिघे वसतिगृहाबद्दल, खाणावळीबद्दल आणि तिथल्या अनोळखी मुलींबद्दल बोलत बसलो. ते बोलणे जेवणाच्या टेबलाशी कधी निघाले नसते.

नवव्या रात्री कोडे सुटले. नगारे नाहीत, बक्षीस नाही. आता हवे तितके हिंडा, एवढीच मुभा. आम्ही धक्क्यावर परत आलो आणि बराच वेळ नुसता समुद्र ऐकत राहिलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांना दोन सूचना. मूळ खेळाच्या खोक्यात एक कोरी वही मिळत असे. तुमची तुम्ही घ्या आणि दिसेल ते टिपा. अडलात तर दुसऱ्याची उत्तरे शोधू नका. रात्र जाऊ द्या, सकाळी सुचते. आणि एकटे जाऊ नका. त्या बेटावर माणसे नाहीत. ती घरूनच बरोबर न्यावी लागतात.